कुसामावशीचं एक खोटं

कुसाबाई आमच्या पेठकडच्या आश्रमशाळेत भाकऱ्या थापायची. फाटक्या तोंडाची बाई! हेडसरांनाही सोडायची नाही. पण तिचं खरं भांडण असायचं ते पोरांच्या आयांशी.

दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची माणसं पोरं शाळेत सोडून दिंडोरीकडं द्राक्षबागांत कामाला जायची, ती थेट होळीला घर बघायची. रडतं पोर मागं टाकून निघणं अपशकुनी, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून आई पोराच्या हातात शेव-मुरमुऱ्याचा पुडा द्यायची, "पानी घेऊन येते" म्हणायची आणि मागच्या मागं पसार! कुसाबाई फाटकात आडवी यायची. "तोंडावर सांग ना, जाते म्हनून! रडंल तर रडू दे. रडून कुनी मरत नाय."

शहाण्णव साली माझी आई निघाली तेव्हा नेमकी कुसाबाई चुलीपाशी होती. मी सात वर्षांची. पुडा संपला, आई पाणी घेऊन आलीच नाही. मी फाटक धरून बसले. तीन दिवस अन्नाला शिवले नाही, ताप चढला. हेडसर म्हणाले, "मीनाला घरी पाठवा." कुठल्या घरी, कर्म माझं? घराला कडी घातलेली! कुसाबाई घास घेऊन माझ्या मागं मागं, आणि मी दात घट्ट आवळलेले. शेवटी ती पार घाबरली. म्हणाली, "जेव गं बाय, तुझी आई रविवारी येनार हाय."

मी जेवले. रविवारी वेणी घालून फाटकात बसले. ऊन उतरलं तशी कुसाबाई शेजारी येऊन टेकली. तिला रडू आवरेना.

"मी खोटं बोलले, मीना. होळीपर्यंत नाय यायची ती."

मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त आलं, तरी तिनं हात काढला नाही.

"मावशे, तू पन खोटी!" घसा बसेपर्यंत मी ओरडत राहिले. ती उठली नाही. मग मीच विचारलं, "होळीला लय दिवस हायेत?"

"लय," ती म्हणाली. "लय दिवस हायेत."

त्या संध्याकाळी मी भाकरी खाल्ली. माझ्या हातानं.

पुढचे महिने वाईटच गेले, उगाच गोड कशाला सांगू? रोज रडायचे, अंथरुणात तोंड खुपसून. पण फाटकात पुन्हा बसले नाही.

होळीला आई आली. सण झाला, बागांचं काम अजून उरलेलं, म्हणून मला पुन्हा शाळेत घेऊन आली. फाटकात पुडा हातात दिला, इकडंतिकडं बघितलं.

"थांब हां, पानी घेऊन येते."

कुसाबाई तरातरा येतच होती. तिच्या आधी मीच आईचा पदर धरला.

"पानी नको, आई. जाते म्हन."

आईला ते म्हणायला लय वेळ लागला.