एका बिल्डिंगला दोन ॲम्ब्युलन्स

वर्सोव्यात एका आजोबांच्या दारात आमच्या दोन ॲम्ब्युलन्स उभ्या होत्या. त्याच वेळी जुहूला छातीत दुखणाऱ्या एका बाईंकडे एकही पोचली नव्हती. शेवटी मुलाने त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. बाई वाचल्या, पण त्यात आमचं काडीचंही कर्तृत्व नव्हतं.

मी अंधेरीच्या एका ॲम्ब्युलन्स कंपनीत डेटाबेस सांभाळते. आलेला प्रत्येक कॉल डेटाबेसमध्ये एक ओळ होऊन बसतो. तिला आम्ही रो म्हणतो. सर्व्हर ती रो वाचतो आणि जवळची गाडी धाडतो. काम वाढलं म्हणून आमच्या परबसरांनी दुसरा सर्व्हर जोडला होता. दोघांनी आजोबांचा कॉल एकाच क्षणी वाचला. अजून कोणी घेतलेला नाही, असं दोघांनाही दिसलं. दोघांनी गाड्या धाडल्या.

सरांचा उपाय तयार होता. "एका बिल्डिंगला एकच गाडी. ती परत निघेपर्यंत दुसरी सोडायचीच नाही. नियम टाक, विषय संपला."

"आणि त्याच बिल्डिंगमध्ये दुसरा पेशंट असला तर?"

"असं रोज होतं का गं?"

"एकदा झालं तरी पुरे ना, सर."

मला हवं होतं रो लॉक. कॉल वाचतानाच त्या रोला कुलूप लावायचं. गाडी ठरल्याची नोंद होईपर्यंत दुसऱ्या सर्व्हरने तिला हात लावायचा नाही.

"म्हणजे दुसरा ताटकळत बसणार," सर म्हणाले.

सर मूळचे कणकवलीचे. मी म्हटलं, "गणपतीला गावी जाताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकता ना? मागचा त्या सीटपाशी रडत बसतो का? पुढची सीट बघतो. तसा दुसरा सर्व्हर पुढचा कॉल घेईल."

"आणि रुमाल टाकणारा गाडीत चढलाच नाही तर?"

"सर्व्हर मध्येच बंद पडला की हा रुमाल आपोआप उठतो. कॉल दुसऱ्याला मिळतो."

सर हसले. "ठीक आहे. फसलं तर मात्र माझा नियम."

मी दोन्ही सर्व्हरवर खोट्या कॉलचा मारा केला. एकही कॉल दोघांच्या हाती लागला नाही. मग लॉक सुरू केलं.

त्याच आठवड्यात सर केबिनमधून ओरडतच आले. "सुजाता, वाट लागली! कांदिवलीत एका बिल्डिंगला परत दोन गाड्या निघाल्यात. एक मागे बोलव!"

मी गाडी मागे बोलावली नाही. आधी रो पाहिल्या. त्या दोन होत्या.

"थांबा सर, पेशंट दोन आहेत."

कंट्रोल रूममधल्या शबनमने दोन्हीकडे फोन लावून खात्री केली. तिसऱ्या मजल्यावर बाळंतपणाच्या कळा, सातव्यावर बाथरूममध्ये पडून डोकं फुटलेल्या काकू. दोन्ही गाड्या वेळेत पोचल्या. एकीला मुलगी झाली, दुसरीला टाके पडले.

त्या दिवशी मी ऑफिसभर मान ताठ करून फिरले. का फिरू नये?

आता नवीन माणूस आला की सर स्वतःच समजावतात, "रुमाल सीटवर टाकायचा, अख्ख्या गाडीवर नाही." उदाहरण कोणाचं, ते सांगायला विसरतात. मी आठवण करून देते.