स्पीडब्रेकरला उतरणारी आई

नव्या रबराचा आणि ग्रीसचा वास आला की मला खोपटचं ते गॅरेज आठवतं. मी हौसेने माझी स्पोर्ट्स कार इतकी खाली बसवून घेतलेली की वर्तकनगरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासायचं. त्या दिवशी नवं सस्पेन्शन निवडायला गेलेलो. पुढे खडवलीला आईच्या माहेरी जायचं होतं, म्हणून तीही सोबत होती. मेकॅनिकने दोन सेट समोर ठेवले. एक कडक, वळणावर गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारा, आणि दुसरा मऊ, उंची वाढवता येणारा. माझा जीव कडकवर. "मागे कोण बसतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आई असते, पण ती स्पीडब्रेकरला उतरते." "मी उतरली का गारी घासत नाय," आई गुडघा चोळत कौतुकाने म्हणाली, "पल्याड जाऊन परत बसते." मी खाली मान घालून म्हटलं, "मऊवाला लावा." आता गाडी दोन बोटं उंच आहे. तरी स्पीडब्रेकर दिसला की आईचा हात आपोआप दाराकडे जातो आणि मला दर वेळी सांगावं लागतं, बस गं, तुझ्यासकट जाते ती.