पस्तीस औंस आणि वर थोडं

लिटर या मापापुढे सगळ्या देशानं मान तुकवली, पण चोपड्यातलं एक घर अजून त्याच्या ताब्यात गेलेलं नाही, आणि त्या घराचे मालक आमचे मोठे साडू आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गाव त्यांना नाना म्हणतं. तरुणपणी जामनेरच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर म्हणून लागले, तेव्हा लिटर आलेला होता, पण तिथले म्हातारे डॉक्टर मिक्श्चर औंसातच सांगायचे. नानांच्या हाताला जी सवय लागली ती लागलीच. वीस औंसांचा पिंट आणि आठ पिंटांचा गॅलन, एवढ्यात त्यांचं जग मावतं. तुम्ही लिटर म्हणालात की ते तुमच्याकडे प्रेमानं, पण जरा थांबून बघतात. मग नजर कुठेतरी लांब जाते, ओठ हलू लागतात, आणि आत भाषांतर सुरू झालंय हे आपण ओळखायचं.

हे भाषांतर कुठेही सुरू होतं. दूधवाल्यानं अर्ध्या लिटरची पिशवी हातात दिली की ती उन्हाकडे धरून ते म्हणणार, "पिंटले जवळजवळ अडीच औंस कमी शे." दूधवाला वर्षानुवर्षं "हां नाना" म्हणतो आणि मोटरसायकल वळवतो. पुतण्या सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीला लावून केळीत निघाला की मागून आवाज येतो, "साडेतीन गॅलन शे, वाकीसन चाल." एकदा माझ्या स्कूटरमध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं पेट्रोल भरायचं ठरवलं आणि पंपावर शांतपणे "अर्धा गॅलन" सांगितलं. पंपावरचा माणूस माझ्याकडे बघतोय, मागची रांग हॉर्न वाजवतेय, आणि नाना आभाळाकडे बघतायत. शेवटी मीच वैतागून "सव्वादोन लिटर टाका हो" म्हणालो. घरी पोचलो. उतरताना म्हणाले, "थोडं कमी लिन्हं तुम्ही."

आणि एवढा हिशोबी माणूस नदी दिसली की हिशोब विसरतो. जळगावहून चोपड्याला येताना तापीचा पूल लागला की त्यांचं बोलणं आपोआप थांबतं. पूल संपतो, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात, तरी नाना अजून पाण्यावरच असतात. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "किती गॅलन भरलं नाना?" त्यांनी मागे वळून पुलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नदीले माप नही लावतस, भाऊ. ती नुस्ती देखानी."

गेल्या वर्षी नानांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या अक्कांचं, हृदय थकलं. पायांवर सूज आली, चार पावलं टाकली तरी धाप लागू लागली. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं की पाणी, चहा, दूध सगळं धरून दिवसाला एक लिटर, त्यापुढे थेंब नाही. तोंडावर उन्हाळा होता. मुलानं खुणा असलेली लिटरची बाटली आणली. नानांनी ती बाजूला ठेवली. "मिलिलिटर मना हातले समजत नही," म्हणाले आणि कपाटातून काचेचा जुना औंस-ग्लास काढला. लिटरचे पस्तीस औंस झाले. सकाळच्या चहाला तीन, गोळ्यांबरोबर दोन, असे ते दिवसभरात वाटले गेले. अक्का फार चिडायच्या. एका दुपारी नानांचा डोळा लागलेला बघून त्या माठातलं पाणी पोटभर प्यायल्या, आणि ती रात्र त्यांना उशीला टेकून, बसून श्वास घेत काढावी लागली. तेव्हापासून नाना दुपारी झोपत नाहीत. माठाशेजारी खुर्ची टाकून बसतात. "माठवर पोलीस बसाडेल शे, भाऊ," मी उन्हाळ्यात राहायला गेलो तेव्हा अक्का मला म्हणाल्या. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

त्याच मुक्कामात, दिवस कलताना, पस्तीसावा औंस संपला. अक्का रिकाम्या ग्लासाच्या तळाकडे बघत होत्या. नाना उठले, एक चमचा घेऊन माठापाशी गेले आणि तो भरून आणू लागले. मी म्हटलं, "नाना, पस्तीस झाले ना?"

"पस्तीसमा लिटर पुरा व्हत नही. वर थोडं उरस," ते म्हणाले. "ते तिना वाटानं शे. मी काबर ठेवू?"

मी मोबाइलवर करून पाहिलं. खरंच चमचाभर उरत होतं. चमच्याखाली दुसरा तळहात धरून नाना आले, आणि माठापासून खाटेपर्यंत त्या चमच्यातलं काही सांडलं नाही. अक्कांनी डोळे मिटून ते पाणी तोंडात धरून ठेवलं. किती वेळ धरलं कुणास ठाऊक. इतकं सावकाश पाणी पिताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

पावसाळा सरला तेव्हा पुन्हा सूज आली. तपासून आल्यावर मुलानं दाराशीच मला आणि नानांना हळू आवाजात सांगितलं की आता दिवसाला आठशे मिलिलिटरच. अक्कांनी काय ते ओळखलं असावं, कारण त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नाना त्यांच्या खाटेवर बसले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. गॅलन, पिंट सगळं आठवून झालं असेल.

"अठ्ठावीस व्हयनात," ते शेवटी म्हणाले.

"सात गयात," अक्का भिंतीकडेच बघत म्हणाल्या.

"हां, गयात." नानांनी त्यांच्या पायावर हात ठेवला. "पन वरना चमचा शे. तो तितलाच शे."

मी हळूच मोबाइल काढून आकडा टाकला. उत्तर भरल्या चमच्याहून जरा कमी येत होतं. मोबाइल खिशात घातला. अक्का कूस बदलून नानांकडे वळल्या.