रेघेबाहेरचा ठिपका

इंटरसाठी मी औरंगाबादला आलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कॉलेजात सगळं उर्दूतून शिकवत. उर्दू मला वाचता येत होतं, पण त्या भाषेत मैत्री करणं काही जमेना. शहागंजच्या मागच्या गल्लीत खोली घेतली होती. वर्गातल्या हजेरीपलीकडे तोंडून एक शब्द निघाला नाही, असे दिवसच्या दिवस जात. संध्याकाळी भाकरी थापताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो आणि आपल्याच आवाजानं दचकायचो. दसऱ्याला गावी जायचं ते परत न येण्यासाठीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

भिंतीपलीकडे हिमरूचं नक्षीदार कापड विणणारं एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यांचा माग दिवसभर खटखट करी. त्या आवाजाचा मला वैताग यायचा, आणि तो थांबला की आणखीच करमत नसे. दर गुरुवारी दुपारी माग थांबायचा आणि थोड्या वेळानं म्हातारी माझ्या दारात ताटली घेऊन उभी राहायची. गूळ, फुटाणे, कधी खजूर. हिंदूचं पोर आपल्या घरचं शिजवलेलं खाईल न खाईल, म्हणून ती कोरडंच आणायची. "खा बेटा" म्हणायची आणि निघून जायची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. बोलणं एवढंच.

त्याच सुमारास आमच्या मास्तरांनी दोन गोष्टींमधला संबंध कसा तपासायचा ते शिकवलं. एक गोष्ट आडवी मांडायची, दुसरी उभी, आणि ठिपके देत जायचे. ठिपके एका रेघेवर आले की दोन्ही बरोबर चालतात. पण मास्तर बजावून सांगत, की बरोबर चालणारी एक दुसरीला ओढतेच असं नाही. थंडीत शहागंजात रजया खपतात आणि लोक खोकतातही; म्हणून रजईनं खोकला होत नाही. आणि एखादा ठिपका रेघेबाहेर पडला तर तो खोडू नका, तो तिथं का आला ते बघा.

रजईवर मी वर्गाबरोबर हसलो आणि खोलीवर येऊन तीच चूक केली. माग थांबतो, ताटली येते. मी धरून चाललो, की शुक्रवारची सुट्टी असते म्हणून गुरुवारी दुपारी खालाचे मागाला सुताच्या कांड्या भरून देणारे हात मोकळे होतात, आणि मोकळं झाल्याबरोबर तिला मी आठवतो! या शहरात कुणाला तरी आपण आठवतो, या एका गोष्टीवर मी आठवडा काढायला लागलो. बुधवारपासूनच मला बरं वाटायचं.

मग एका गुरुवारी माग थांबलाच नाही. कुणा नवरदेवाच्या शेरवानीचं कापड घाईचं होतं. मी हिरमुसून बसलो, तर दारात ताटली हजर. मला हर्ष झाला. म्हणालो, "खाला, एवढ्या कामातही माझी आठवण झाली?"

ती म्हणाली, "जुमेरात हाय ना बेटा. दर जुमेरातीला माझ्या पोराच्या नावानं फातिहा असतो. लई शिकायचं होतं त्याला. म्हून फातिहा पढून ताटली शिकणाऱ्या पोराला देते. माग बी त्याच्याचसाठी बंद असतो, त्याचे अब्बा कबरीवर जातात. आज तेवढं जमलं नाय."

म्हणजे ताटली माझी नव्हतीच. माझ्या जागी दुसरा कुणी भाडेकरू असता तरी त्याला मिळाली असती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला, आणि तोही त्या मेलेल्या पोराचा. पुढचे गुरुवार मी पनचक्कीच्या हौदावर काढले. मासे बघत बसायचो आणि अंधार पडल्यावर खोलीवर यायचो. इतका एकटा मी आधीही नव्हतो.

दसरा जवळ आला. सोमवारी मी ट्रंक भरायला घेतली. पलीकडे माग जोरात चालू होता. दार वाजलं. खाला होती, हातात फडक्यानं झाकलेली ताटली, आणि तिच्यातून वाफ येत होती.

"जुमेरातीला कुठं जातो रे तू? ताटली वापस न्यावी लागते."

"आज सोमवार आहे, खाला."

"मालूम हाय मला. जुमेरातीचं त्याचं असतंय. हे तुझं हाय. खिचडी हाय, गरम हाय. खाणार नसशील तर तसं सांग, मी रागावणार नाय."

मी उंबऱ्यावरच बसलो आणि खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ती उभी राहून बघत होती. पलीकडे माग चालूच होता.

दसऱ्याला गावी गेलो तो एक पिशवी घेऊन. ट्रंक खोलीतच ठेवली.