आईची डावी टाच

आई शिडीवरून पडली तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून ती उतरायला लागली, शिडी सरकली आणि ती उभीच्या उभी फरशीवर आदळली. ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली आणि म्हणाली, "उजव्या टाचंत कायतरी कडकन वाजलं बघ."

तासाभरात टाच टम्म सुजली. तिसगावच्या डॉक्टरांनी पायाला आधार बांधून दिला आणि नगरला न्यायला सांगितलं. वडील जीपमध्ये तिचा पाय मांडीवर धरून बसले होते.

नगरच्या डॉक्टरांनी कमरेचा आणि दोन्ही पायांचा एक्स-रे काढायला लावला. "उंचावरून टाचेवर पडलं की धक्का मणक्यापर्यंत जातो," ते म्हणाले. "आणि मोडलेली टाच किती दबलीय, ते चांगल्या टाचेशी ताडून बघावं लागतं."

मणका शाबूत होता. उजव्या टाचेचे मात्र तुकडे झाले होते. मग डॉक्टर डाव्या पायाचा एक्स-रे बराच वेळ बघत राहिले.

"मावशी, ही डावी टाच कधी मोडली होती?"

"डावी कधीच मोडली नाही, साहेब," मीच बोलले.

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. हाड चपटं होऊन बाजूला पसरलेलं होतं. "हे जुनं आहे. उपचार न होता, जसं मोडलं तसंच जुळून आलंय."

आई सहज म्हणाली, "ती व्हय? ती कारखान्यावर. मोळी घिऊन ट्रॉलीवर चढताना फळी निसटली हुती."

तेव्हा मी सातवीत होते. आईवडील ऊसतोडीला आणि मी गावी आजीकडे. त्या उन्हाळ्यात आई लंगडत परत आली आणि काटा मोडलाय म्हणाली. पुढे तिची चालच तशी झाली. मी गल्लीतल्या मुलींना ती चाल करून दाखवायचे. मुली हसायच्या. एकदा आईसुद्धा हसली होती.

आईला वॉर्डात झोपवल्यावर मी वडिलांना गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. रोज सकाळी मीच कापड आवळून बांधायचो."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"तीच न्हाई म्हनली. नवरा-बायकूचा मिळून एक कोयता धरत्यात. ती काम सोडून बसली तर मलाबी बसावं लागलं असतं. म्हनून उसाच्या फडात बसून मोळ्या बांधत राहिली."

मी नळापाशी जाऊन नुसती उभी राहिले.

सूज उतरायला नऊ दिवस लागले. आईला शुगर, त्यात टाचेजवळची कातडी पातळ. मोठा छेद घेतला तर जखम भरायला त्रास होईल, म्हणून डॉक्टरांनी बारीक छेदांतून काम करायचं ठरवलं. मशीनच्या पडद्यावर बघत तुकडे जागेवर आणायचे आणि स्क्रू बसवायचे. कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे आई जागीच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ठोकल्याचा आवाज येत हुता, दुखलं मातर न्हाई."

पट्टी बदलताना मी पहिल्यांदा पाय पाहिला. बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत असे चार छेद, प्रत्येकाला एकदोन टाके.

"एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सिस्टर म्हणाल्या, "एवढंच. पण पाय टेकवायचा नाही हं, मावशी."

आई छेदांकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तीन महिने आम्ही तिला पाय टेकू दिला नाही. मग एका तपासणीला डॉक्टरांनी वॉकर दिला आणि उभं राहायला सांगितलं. आईनं पाय टेकवला, ओठ दाबले आणि दारापर्यंत गेली. मी डावीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आता ती नीट करायची म्हणजे मोठं ऑपरेशन. आईनं हात जोडले. "राहू द्या, साहेब. तिला सवय झालीया."

आता ती काठी घेऊन तिसगावच्या बाजारात एकटी जाऊन येते. वडील फाट्यापर्यंत सोबत जातात आणि ती परत येईपर्यंत तिथंच थांबतात.