झाकण तडकलेली बरणी

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमचं बाभुळगावचं शेत आतून पोखरलं, आणि बाबांनी मला सांगून टाकलं की बी.एस्सी.ला एक विषय जरी गेला तर शिक्षण बंद, वैशाखात लग्न. अळ्या ओळखण्यात माझा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. बोंड फोडायच्या आधीच आत कोण बसलंय ते मी सांगायची. यवतमाळच्या कॉलेजात मात्र सगळ्या वर्गासारख्या मीही बरण्या पाठ केल्या होत्या. प्राणी नव्हे, बरण्या. फॉर्मलिनमध्ये सगळेच पांढरेफटक पडलेले, त्यांच्याकडे बघणार कोण? झाकण तडकलेली बरणी म्हणजे एप्लिसिया, समुद्री ससा. शंख नसलेली समुद्रातली गोगलगाय, डोक्यावर सशासारखे कान. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

परीक्षेत टेबलावर ओळीनं बरण्या मांडलेल्या, घंटा झाली की पुढच्या बरणीपाशी सरकायचं. खिडक्यांना काळे पडदे होते. फॉर्मलिनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. तडकलेलं झाकण दिसताच मी नाव लिहून टाकलं. वेळ उरला म्हणून वर पाहिलं.

आतलं जनावर हळूहळू वळत होतं. टेबलाला कुणाचा धक्का लागला नव्हता. ते पुरतं माझ्याकडे वळलं आणि थांबलं. सशाचे कान कुठेच नव्हते, नुसती दोन बारीक शिंगं. अंग चपटं, पाठ खरखरीत, आणि मागच्या टोकाला कल्ल्यांचं फूल. ही डोरिस होती, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीचीच दुसरी जात. पुस्तकातलं चित्र मला लख्ख आठवलं.

खोडायला पेन टेकवलं. पण सरांच्या उत्तरांच्या कागदावर कुठलं नाव असणार हे मला ठाऊक होतं, आणि वैशाखाची मला फार भीती वाटत होती. घंटा झाली.

प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई व्हरांड्यात बसले होते. बरण्यांतलं पाणी तेच बदलायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्या बरणीत ससा नाही, असं मी त्यांना हळूच सांगितलं. ते हसले नाहीत.

“मले मालूम हाये, बाई. जुना सडला, तवा मीनंच हे टाकलं त्याच्यात. पाच वर्स झाले. सर पाह्यत नाही, पोरं पाह्यत नाही. पाहून ओळखणारी तूच पह्यली.”

मी पास झाले. नाव खोडलंच नव्हतं, हे मामांना मी कधीच सांगितलं नाही.