सर्वेक्षणाच्या दिवशी आलेली मुलगी

त्या वर्षी देशभरातल्या निवडक शाळांत सहावीची सर्वेक्षण चाचणी होती. माझी ड्युटी लागली बारवी धरणाकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत. मी अंबरनाथला शिकवते. असल्या ड्युट्या इतक्या केल्यात, की आदेश आता धड वाचतही नाही. बदलापूरहून रिक्षा करून पोचले, तर मुलं तेल लावून, केस चापून ओळीत बसलेली.

वर्गशिक्षकांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"मॅडम, शेवटची ती मुलगी. आईबापांबरोबर वीटभट्टीवर असायची, यंदा शाळेत आली. वयाप्रमाणे सहावीत बसवलीय, पण वाचता येत नाही अजून. सगळे म्हणत होते, आज तिला घरीच राहू दे, निकाल खाली येईल."

"मग?"

"रोज ये म्हणून तिच्या घरी चकरा मारतो मी. आज येऊ नको, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

पेपर वाटले. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा होता. थोड्या वेळाने त्या मुलीने हात वर केला.

"बाई, यात काय लिवलंय?"

प्रश्न वाचून दाखवायची परवानगी नव्हती. "तूच वाच, बाळा," म्हटलं आणि पुढे सरकले. बाकीची पोरं अंदाजपंचे गोल भरत सुटली होती. ही नुसती बसलेली. शेवटी मला राहवेना. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "एखादा तरी भर गं. कुठलाही."

"न वाचताच भरू?"

उद्धटपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. वेळ संपल्यावर तिने कोरा कागद माझ्या हातात दिला आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी पाकीट सील केलं.

पुढे निकाल आला आणि आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. पडद्यावर तक्ते सरकत होते. आकलनात जिल्हा कमी पडतो, असं साहेब सांगत होते. जेवणानंतर चहाच्या वेळी ते वर्गशिक्षक भेटले, चेहरा ओढलेला.

"ती वाचते आता," ते म्हणाले. "बोट ठेवून, हळूहळू. पण वाचते."

"अहो, मग सांगा ना साहेबांना!"

"सांगितलं. म्हणाले, छान. पण निकाल त्या दिवसाचा असतो." त्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीनंतर आईबाप पुन्हा भट्टीवर निघालेत. मावशीकडे ठेवा म्हणून समजावतोय. बाप ऐकतोय असं वाटतं."

तेवढ्यात आत बोलावलं. पुढच्या चाचणीसाठी कोणते प्रश्न सोडवून घ्यायचे, ते दुपारभर चाललं. ते माझ्या शेजारीच बसले होते. जेवण अंगावर आलं होतं, तरी दोघंही लिहून घेत होतो.